उदयंपेरूरची दुरुस्ती

२० जून १५९९ चा रविवार. कोचीच्या दक्षिणेला उदयंपेरूर नावाचे गाव आहे. पोर्तुगीज कागदपत्रांत त्याचे ‘दियांपेर’ झाले. ऐन पावसाळ्यात त्या गावच्या चर्चमध्ये मलबारभरातून माणसे जमली होती. १५३ धर्मगुरू आणि सुमारे ६६० गृहस्थ. धर्मगुरूंना तिकडे कत्तनार म्हणतात. त्यांतले बरेच जण बायकामुलांचे धनी होते. घरात मल्याळम बोलायचे, वेदीपुढे सिरियाक. त्यांच्यासमोर अध्यक्षस्थानी बसले होते गोव्याचे आर्चबिशप दों आलेइशो द मेनेझिश. वय चाळीस, जन्म लिस्बनचा, घराणे बडे, दीक्षा ऑगस्टिनियन संघाची. पुढे हेच गृहस्थ काही काळ पोर्तुगीज हिंदुस्थानचे गव्हर्नरही झाले. माणूस किती कर्तबगार आणि हुकमी असेल, याचा अंदाज त्यावरून यावा.

सभा सात दिवस चालली. ठराव पोर्तुगीजमध्ये आधीच लिहून तयार होते. ते मल्याळममध्ये वाचून दाखवायचे, होकार घ्यायचा आणि पुढच्या ठरावाकडे वळायचे, अशी कामकाजाची रीत होती. आर्चबिशपांच्या दृष्टीने हेतू सरळ होता. या लोकांच्या श्रद्धेत आणि उपासनेत साचलेल्या चुका काढायच्या आणि त्यांना प्रेषितांच्या मूळ, शुद्ध धर्मावर आणायचे. शेवटी सगळ्यांनी सह्या केल्या. पुस्तके तपासायला मागवण्यात आली. काही दुरुस्त झाली, काही जाळली गेली.

या दुरुस्तीच्या तावडीत एक प्रार्थना सापडली. आज अभ्यासक जिला ख्रिस्ती जगात अजूनही वापरात असलेल्या सर्वांत जुन्या प्रार्थनांमध्ये गणतात, तीच ही. प्राचीनतेच्या नावाने जी दुरुस्त झाली, ती दुरुस्त करणाऱ्यांच्या पुस्तकाहून जुनी निघाली. २००१ साली खुद्द रोमने तिला तिच्या मूळ रूपात मान्यता दिली. मधे ४०२ वर्षे गेली.

सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांची उपासना आज कोणाकडे सर्वांत जवळच्या रूपात उरली आहे, हा वाद जुना आहे. ग्रीक ऑर्थोडॉक्स म्हणतात आमच्याकडे, रोम म्हणते आमच्याकडे, कॉप्टिक आणि इथिओपियन म्हणतात आमच्याकडे. सोळाव्या शतकातले प्रोटेस्टंट म्हणाले, तुम्ही सगळ्यांनीच भर घातली, मूळ साधेपणा आम्ही परत आणतो. हा वाद पारखायचा तर उदयंपेरूरसारखे दुसरे प्रकरण नाही, कारण तिथे दावा आणि वस्तुस्थिती समोरासमोर आले आणि निर्णय दाव्याच्या बाजूने लागला.

साक्षीदार थोडे

पहिल्या दोन शतकांतल्या उपासनेविषयी कळते ते मोजक्या साक्षीदारांकडून. इ.स. ११२ च्या सुमारास काळ्या समुद्रालगतच्या बिथिनिया प्रांताचा रोमन अधिकारी प्लिनी सम्राट ट्राजानला अहवाल पाठवतो. हे लोक ठरलेल्या दिवशी उजाडण्यापूर्वी जमतात, ख्रिस्ताला देव मानून आळीपाळीने स्तोत्र म्हणतात, चोरी-व्यभिचार न करण्याची शपथ घेतात आणि नंतर साध्या जेवणासाठी पुन्हा एकत्र येतात, असे त्याला चौकशीत आढळले होते.

१५५ च्या आसपास रोममध्ये राहणारा जस्टिन आतून माहिती देतो. रविवारी शहरातली आणि खेड्यातली माणसे एका जागी येतात. प्रेषितांच्या आठवणी किंवा संदेष्ट्यांची पुस्तके वेळ पुरेल तेवढी वाचली जातात. अध्यक्ष उपदेश करतो. मग सगळे उभे राहून प्रार्थना करतात. भाकरी, द्राक्षारस आणि पाणी आणले जाते. अध्यक्ष जमेल तशी आभाराची प्रार्थना करतो आणि लोक ‘आमेन’ म्हणतात. जे आले नाहीत त्यांचा वाटा डीकन घरी पोचवतात. जमलेले पैसे अनाथ, विधवा, आजारी, कैदी आणि परगावाहून आलेल्यांसाठी खर्च होतात. यातली एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी: मुख्य प्रार्थनेचा मजकूर तेव्हा बांधलेला नव्हता. क्रम ठरलेला होता, शब्द त्या त्या माणसाचे.

तिसरा साक्षीदार फार उशिरा सापडला. १८७३ साली कॉन्स्टँटिनोपलमधल्या एका मठाच्या ग्रंथालयात फिलोथेओस ब्र्येनिओस या ग्रीक विद्वानाला १०५६ साली नकललेले एक हस्तलिखित मिळाले. त्यात ‘दिदाखे’ हा बहुधा पहिल्या शतकाच्या अखेरीचा छोटा ग्रंथ होता. नाव लोकांना ठाऊक होते, मजकूर हरवलेला होता. १८८३ मध्ये तो छापून आला आणि युरोपातले अभ्यासक चक्रावले. त्यातल्या भोजनप्रार्थनेत आधी पेल्यासाठी आभार आहेत, मग भाकरीसाठी. शेवटच्या भोजनाची हकीकत, म्हणजे भाकरी हे आपले शरीर आणि द्राक्षारस हे आपले रक्त असे सांगणारे ख्रिस्ताचे शब्द, त्यात नाहीतच. पश्चिमेकडच्या चर्चने शतकानुशतके ज्या शब्दांना मिस्साचे, म्हणजे मुख्य उपासनाविधीचे, मर्म मानले, तेच इथे गैरहजर.

जागेचा पुरावा जमिनीखालून आला. सिरियात युफ्रेटिसच्या काठी दुरा-युरोपोस हे रोमन सीमेवरचे ठाणे होते. तिथे १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला झालेल्या उत्खननात एक साधे घर सापडले. तिसऱ्या शतकाच्या पूर्वार्धात त्यातल्या दोन खोल्यांमधली भिंत पाडून सभेसाठी दालन केले होते. दुसऱ्या एका खोलीत बाप्तिस्म्याचे कुंड आणि भिंतींवर चित्रे होती. दालनात साठ-सत्तर माणसे मावतील. २५६ साली इराणी सैन्याने ते ठाणे घेतले आणि घर मातीखाली गेले. त्या काळची उपासना जिथे चाले ती जागा इतकी लहान आणि घरगुती होती.

एडेसाची प्रार्थना

दुरा-युरोपोसच्या वायव्येला, आजच्या तुर्कस्तानातल्या उर्फा शहराच्या जागी, एडेसा होते. ही सिरियाकची राजधानीच म्हणा. सिरियाक म्हणजे अरामीची एक बोली, आणि येशू व त्याचे शिष्य अरामीच बोलत. एडेसाच्या जुन्या बखरीत २०१ सालच्या महापुराची नोंद आहे. त्या पुरात ख्रिस्ती लोकांच्या चर्चचे नुकसान झाले, असे ती सांगते. ख्रिस्ती उपासनागृहाचा इतका जुना उल्लेख विरळा.

याच परिसरात एक प्रार्थना घडली. परंपरा तिला अद्दाई आणि मारी या पहिल्या धर्मदूतांची म्हणते. अभ्यासक तिचा गाभा साधारण तिसऱ्या शतकात नेतात. तिची रचना ग्रीक किंवा लॅटिन प्रार्थनांसारखी नाही. आधी देवाच्या नावाचे स्तवन, मग केलेल्या उपकारांबद्दल आभार, मग मागणे, असा तिचा ओघ आहे. ज्यू कुटुंबांत जेवणानंतर म्हणायच्या आभारप्रार्थनेशी तो जवळचा आहे. काही भागांत संबोधन थेट ख्रिस्ताला आहे. शेवटी पवित्र आत्म्याने यावे आणि या अर्पणावर विसावावे, अशी विनवणी आहे. शेवटच्या भोजनाचे शब्द मात्र तिच्या जुन्या हस्तलिखितांत नाहीत. ‘दिदाखे’ सापडेपर्यंत ही उणीव वाटायची. ‘दिदाखे’ सापडल्यावर ती वयाची खूण वाटू लागली.

ही प्रार्थना जपणाऱ्या चर्चला पूर्वेचे चर्च म्हणतात. त्याचे मुख्य पीठ रोमन साम्राज्याबाहेर, इराणी सम्राटांच्या सेल्युशिया-क्टेसिफोन या राजधानीत होते. ४३१ च्या इफिससच्या परिषदेने कॉन्स्टँटिनोपलचा बिशप नेस्टोरियस याला पाखंडी ठरवले आणि पश्चिमेकडच्यांनी या सगळ्या चर्चला ‘नेस्टोरियन’ हे नाव चिकटवले. इथेही सगळे जसेच्या तसे राहिले असे नाही. सातव्या शतकात कॅथोलिकोस, म्हणजे या चर्चचे प्रमुख, ईशोयाब तिसरे यांनी उपासनेची पुस्तके नीट लावली. पण त्यांनी प्रार्थनेचा सांगाडा बदलला नाही.

कल्याण, कोल्लम, कोडुंगल्लूर

हे चर्च व्यापाऱ्यांच्या गलबतांतून हिंदुस्थानात आले. केरळी ख्रिस्ती आपले मूळ प्रेषित थोमापर्यंत नेतात. इतिहासाच्या कागदावर सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाचा व्यापारी कॉस्मस साक्ष देतो. मलबारात ख्रिस्ती आहेत आणि ‘कल्लियाना’ येथे इराणहून नेमलेला बिशप आहे, असे त्याने लिहून ठेवले आहे. बरेच इतिहासकार हे ठिकाण म्हणजे आपले कल्याण मानतात. त्यानंतर सुमारे आठशे वर्षांनी, १३२१ मध्ये, ठाण्याला चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले, तेव्हा ते तिथल्या एका नेस्टोरियन ख्रिस्ती घरात उतरले होते. म्हणजे कोकणच्या बंदरांनी ही सिरियाक प्रार्थना लॅटिन मिस्साच्या कितीतरी आधी ऐकलेली होती. गोव्यात आगशीजवळ झुआरीच्या काठी पहलवी लेख असलेला क्रूस सापडला आहे. कोट्टयमला आणि चेन्नईच्या सेंट थॉमस माउंटवर आहेत त्याच जातीचा.

कोल्लमचे ताम्रपट ८४९ सालचे आहेत. तिथल्या राज्यकर्त्याने ख्रिस्ती वसाहतीला जमीन आणि हक्क दिल्याची ती सनद आहे. कोडुंगल्लूरला १३०१ साली झखरिया नावाच्या १४ वर्षांच्या डीकनने उपासनेत वाचायच्या पाठांचे सिरियाक पुस्तक नकलून काढले. भारतात लिहिलेले, आजवर टिकलेले हे सर्वांत जुने सिरियाक हस्तलिखित समजतात. ते आज रोममध्ये, व्हॅटिकनच्या ग्रंथालयात आहे. मलबारात उरलेल्या त्याच्या भावंडांचे नशीब तेवढे बरे नव्हते.

गोव्याहून निघालेला आर्चबिशप

पोर्तुगीज आले तेव्हा मलबारच्या ख्रिस्ती लोकांनी त्यांचे स्वागत केले. परक्या मुलखात आपले धर्मबंधू भेटल्याचा आनंद दोन्हीकडे होता. तो फार टिकला नाही. पोर्तुगालच्या राजाला पोपकडून पूर्वेकडच्या चर्चवर आश्रयाचे हक्क मिळाले होते आणि त्या हक्कांत पूर्वेच्या चर्चच्या प्रमुखाने, बगदादकडच्या पॅट्रिआर्कने, पाठवलेल्या बिशपला जागा नव्हती. मेसोपोटेमियाहून आलेले बिशप पकडायचे, गोव्याला न्यायचे, तपासायचे, जमल्यास युरोपला पाठवायचे, असा प्रघात पडला. शेवटचे मेट्रोपॉलिटन मार अब्राहाम यांनाही गोव्यात अडकवून ठेवले होते. ते निसटले आणि अंगमालीला पोहोचले. जानेवारी १५९७ मध्ये ते वारले आणि मेनेझिश यांना हवी होती ती संधी मिळाली.

फेब्रुवारी १५९९ मध्ये ते कोचीला उतरले. समाजाचे पुढारपण आता अर्कदियाकोन गीवर्गीस यांच्याकडे होते. या पदावरच्या माणसाकडे धर्माबरोबर समाजाचा कारभारही असे आणि गरज पडल्यास हजारो हत्यारबंद माणसे उभी करण्याची ताकद असे. गीवर्गीस यांनी लॅटिन बिशप न स्वीकारण्याची शपथ घेतलेली होती. मेनेझिश यांनी त्यांच्याशी थेट झुंज टाळली. गावोगावच्या चर्चमध्ये जाऊन ते प्रवचने देत राहिले, दृढीकरणाचा संस्कार देत राहिले. डझनावारी नवे कत्तनार दीक्षित करून त्यांनी आपली बाजू वाढवली. कोचीच्या राजावर आणि शेजारच्या छोट्या संस्थानिकांवर पोर्तुगीज आरमाराचे वजन होतेच. त्याच दिवसांत समुद्रावरच्या कुंजाली मरक्कार या सरदाराविरुद्ध कालिकतचा राजा सामुतिरी आणि पोर्तुगीज यांची युती चालू होती आणि आर्चबिशप त्या वाटाघाटींतही होते. शेवटी बहिष्काराच्या धमकीपुढे गीवर्गीस नमले आणि सभेची तारीख ठरली.

मेनेझिश यांना केवळ खलनायक करून भागणार नाही. त्यांच्या सभेने हीन मानलेल्या जातींच्या स्पर्शाचा विटाळ मानू नका, असे सांगितले. मुलींच्या वारशाच्या हक्काचीही दखल घेतली. केरळच्या समाजात हे सोपे ठराव नव्हते. मात्र उपासनेच्या बाबतीत त्यांच्यापुढे एकच गज होता: रोमचे पुस्तक. नेस्टोरियस आणि त्याच्या परंपरेतल्या संतांची नावे गाळा. प्रार्थनेत पॅट्रिआर्कच्या जागी पोपचे नाव घ्या. ख्रिस्ताच्या शेवटच्या भोजनाचे शब्द रोमच्या पद्धतीप्रमाणे म्हणा. कत्तनारांनी ब्रह्मचर्य पाळावे. येशूच्या बालपणाच्या कथा सांगणारे पुस्तक आणि त्यासारखी अनेक पुस्तके बाळगू नयेत. पुढे अंगमालीचे बिशप झालेले जेझुइट फ्रान्सिस्को रोझ यांना सिरियाक उत्तम येत होती. दुरुस्तीचे तपशीलवार काम त्यांच्या हाताखाली झाले. अंगमालीचे पीठ गोव्याच्या आर्चबिशपांच्या अधिकाराखाली आले.

याच गोव्यात त्याच काळात फादर थॉमस स्टीफन्स मराठी ओवीत ख्रिस्तचरित्र रचत होते. ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापून निघाले. नव्या ख्रिस्ती लोकांना आपली शिकवण त्यांच्या भाषेत, त्यांच्या पुराणाच्या वळणाने सांगायला गोव्याचे चर्च तयार होते. जुन्या ख्रिस्ती लोकांनी आपली प्रार्थना आपल्या वळणाने म्हणावी, हे मात्र त्याला खपले नाही. लवचीकपणा होता, पण आपल्या बाजूने देण्यापुरता. दुसऱ्याकडून घेण्याची तयारी नव्हती.

रोमच्या पुस्तकाचे वय तरी काय होते? पोप पाचवे पायस यांनी ते १५७० मध्ये जारी केले, ट्रेंटच्या परिषदेनंतर. त्याचा गाभा खूप जुना आहे, चौथ्या शतकाच्या अखेरीस मिलानच्या अँब्रोजच्या लेखनात त्याचे अंश भेटतात. पण ते जारी करताना पोपने पश्चिमेकडच्या ज्या प्रथा दोनशे वर्षांहून जुन्या असतील त्यांना सूट दिली होती. या कसोटीला लावली असती तर एडेसाची प्रार्थना सहज सुटली असती. ती सूट लॅटिन चर्चपुरती होती, आणि मलबारचे लोक लॅटिन नव्हते. लॅटिन नसल्यामुळे सूट नाही आणि नसले तरी लॅटिनप्रमाणे वागा, अशा दुहेरी पेचात ते सापडले.

१६५३: मट्टांचेरी आणि मॉस्को

पन्नास वर्षे कुरकुर चालली. १६५२ मध्ये अहतल्ला नावाचे एक सिरियाई बिशप मैलापूरला उतरले. पोर्तुगीजांनी त्यांना ताब्यात घेतले आणि जहाजाने गोव्याकडे रवाना केले. जहाज कोचीच्या बाहेर थांबले, पण मलबारच्या लोकांना अहतल्लांची भेट घेऊ दिली नाही. त्यांना समुद्रात बुडवले अशी वावडी उठली. ती खोटी होती. अहतल्ला जिवंतपणी गोव्याला पोहोचले. पण ३ जानेवारी १६५३ ला मट्टांचेरीला जमलेल्या लोकांना वावडी पुरेशी होती. क्रूसाला दोर बांधून, तो हातांत धरून, जेझुइट पाद्र्यांना यापुढे मानणार नाही अशी शपथ त्यांनी घेतली. ओढीने क्रूस वाकला म्हणून ‘कूनन कुरिशु’, वाकलेल्या क्रूसाची शपथ, अशी आठवण चालत आली. पुढे मे महिन्यात आलंगाडला १२ कत्तनारांनी अर्कदियाकोन थोमा यांच्या मस्तकावर हात ठेवून त्यांना मार थोमा पहिले म्हणून बिशप केले.

विलक्षण योगायोग असा की त्याच १६५३ सालच्या उपवासकाळात मॉस्कोत पॅट्रिआर्क निकोन यांनीही दुरुस्ती सुरू केली. रशियन लोक क्रूसाची खूण दोन बोटांनी करत; ग्रीक तीन बोटांनी करत. निकोन यांना वाटले, ग्रीक मूळचे, म्हणजे त्यांची रीत जुनी. रशियन पुस्तके ग्रीकांप्रमाणे बदलायचे ठरले. ज्यांनी नकार दिला त्यांना ‘जुन्या विधीचे’ म्हणून छळ सोसावा लागला. त्यांचे पुढारी अव्वाकुम यांना १६८२ मध्ये जिवंत जाळले. एकोणिसाव्या शतकात निकोलाय काप्तेरेव यांनी दाखवून दिले की दोन बोटांची रीत रशियाने दहाव्या शतकात ग्रीकांकडूनच घेतली होती. मधल्या काळात ग्रीक बदलले, रशियन बदलले नाहीत. मलबार आणि मॉस्को यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. तरी दोन्हीकडे एकच घडले: अधिकार असलेल्याने आपल्या हातातले पुस्तक मूळ समजले आणि समोरच्याच्या हातातले खरोखर जुने, चुकीचे ठरवले.

मलबारच्या फुटीनंतर सिरियाक प्रार्थनेचे काय झाले, हे पाहिले की जपणे किती अवघड असते ते कळते. १६५७ पासून रोमने जेझुइटांऐवजी कार्मेलाइट पाद्री पाठवले. त्यांनी ११६ पैकी ८४ चर्च परत आपल्या बाजूला वळवली. ही मंडळी सुधारलेल्या पूर्व-सिरियाक मिस्सावर राहिली. दुसऱ्या बाजूला, १६६५ मध्ये जेरुसलेमचे मार ग्रेगोरिओस आले. ते अँटिओकच्या, म्हणजे पश्चिम-सिरियाक परंपरेचे होते. मार थोमांच्या अनुयायांनी त्यांच्याशी नाते जोडले आणि हळूहळू त्यांची उपासना स्वीकारली. लॅटिन जोखड झुगारणाऱ्यांनी आपल्या जुन्या प्रार्थनेऐवजी दुसरी जुनी प्रार्थना घेतली. पुढे १८३६ मध्ये मारामण येथील अब्राहाम मल्पान यांनी त्या पश्चिम-सिरियाक उपासनेतूनही संतांची विनवणी आणि मृतांसाठीच्या प्रार्थना काढून ती मल्याळममध्ये सुरू केली; त्यांच्या मागे मार थोमा चर्च उभे राहिले. त्यांचीही भूमिका हीच होती की आम्ही आरंभीच्या शुद्ध रूपाकडे जातो आहोत. त्रिशूरच्या एका गटाने पूर्वेच्या चर्चशी पुन्हा संबंध जोडला. १९०८ मध्ये तिथे आलेल्या मार अबिमलेक तिमोथियस यांनी लॅटिन वळणाच्या गोष्टी हटवल्या आणि त्यावरून तिथेही तंटा झाला. एका प्रार्थनेचे चार वारस, चौघांच्या हातांत चार पुस्तके.

जिथे हात पोहोचला नाही

मूळ प्रार्थना राहिली कुठे? आजच्या तुर्कस्तान-इराक सीमेवरच्या हक्कारीच्या डोंगरांत आणि मोसुलच्या आसपासच्या गावांत. पूर्वेच्या चर्चचे पॅट्रिआर्क शतकानुशतके तिथे कोचानिस या खेड्यातून कारभार पाहत. हे लोक गरीब, चहूकडून वेढलेले, छापखान्यापासून दूर. त्यांच्याकडे कुठला मेनेझिश पोहोचला नाही, कारण तिथे जहाज जात नाही. १९१५ च्या कत्तलींत तेही उद्ध्वस्त झाले आणि समाज इराक, सिरिया, अमेरिका असा विखुरला. पुस्तके मात्र काही उरली. १९६६ मध्ये विल्यम मॅकोम्बर या जेझुइट अभ्यासकाने मोसुलच्या मार एशाया चर्चमधल्या, दहाव्या-अकराव्या शतकातल्या हस्तलिखिताच्या आधारे प्रार्थनेचा सर्वांत जुना उपलब्ध पाठ प्रसिद्ध केला. शेवटच्या भोजनाचे शब्द त्यातही नव्हते. पाखंडामुळे किंवा लेखकाच्या गलथानपणामुळे ते गळले, हे जुने स्पष्टीकरण आता टिकेना.

नंतरचे पाऊल अभ्यासकांच्या खोलीतून पडले नाही, गरजेतून पडले. इराकमधले कॅथलिक खाल्डियन आणि पूर्वेच्या चर्चचे असिरियन ख्रिस्ती युद्ध, निर्बंध आणि स्थलांतर यांनी पांगले होते. कुठे एकाचा धर्मगुरू नाही, कुठे दुसऱ्याचा नाही. अशा कुटुंबांनी एकमेकांच्या वेदीपुढे जावे का? १९९४ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल आणि पॅट्रिआर्क मार दिन्खा चौथे यांनी ख्रिस्तविषयक संयुक्त घोषणेवर सह्या करून इफिससपासूनचा वाद जवळपास मिटवला होता. अडचण उरली ती प्रार्थनेची: भोजनाचे शब्द नसलेली मिस्सा वैध कशी? २० जुलै २००१ च्या मार्गदर्शक पत्रात व्हॅटिकनने उत्तर दिले. ही प्रार्थना अतिप्राचीन आहे, तिचा हेतू चर्चच्या श्रद्धेशी जुळतो आणि ते शब्द एका जागी सलग नसले तरी त्यांचा आशय साऱ्या प्रार्थनेत विखुरलेला आहे. म्हणून ती वैध. मेनेझिश यांना जी उणीव वाटली तिला रोमने आता परंपरेचा भाग मानले.

याचा अर्थ प्रश्न सुटला असा नाही. जुन्याची ओढ स्वतःच नवे घडवते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर लॅटिन मिस्सात दुसरी आभारप्रार्थना आली. तिचा आधार होता तिसऱ्या शतकातल्या हिप्पोलिटसचा मानलेला ग्रंथ, आणि आता तो हिप्पोलिटसचा, किंवा रोमचा, होता का, यावरच अभ्यासकांना शंका आहे. केरळच्या सिरो-मलबार चर्चमध्ये धर्मगुरूने लोकांकडे तोंड करावे की वेदीकडे, यावरून दशके वाद पेटला. २०२१ मध्ये सिनॉडने अर्धी मिस्सा लोकांकडे आणि अर्धी वेदीकडे असा समान नमुना ठरवला. एर्नाकुलममध्ये त्याला इतका विरोध झाला की तिथली मोठी बॅसिलिका बंद पडली.  १९८८ मध्ये याच चर्चचा धर्मप्रांत कल्याण नावाने महाराष्ट्रात स्थापन झाला, तेव्हा कॉस्मसच्या कल्लियानाशी जुळणारे नाव नोकरी-धंद्यासाठी आलेल्या मल्याळी कुटुंबांकडे आले.

तर सर्वांत जुनी उपासना कोणाकडे? मजकुराचे विचाराल तर पूर्वेच्या चर्चकडे. त्यांची प्रार्थना ग्रीक किंवा लॅटिन प्रार्थनांपेक्षा आरंभाच्या अधिक जवळ आहे. क्रमाचे विचाराल तर जवळपास सगळ्यांकडे. जस्टिनने वर्णिलेला वाचन, उपदेश, प्रार्थना, भाकरी, द्राक्षारस, गरिबांचा वाटा हा क्रम आज मुंबईच्या कॅथलिक चर्चमध्येही ओळखता येतो आणि अहिल्यानगर जिल्ह्यातल्या प्रोटेस्टंट चर्चमध्येही. जमेल तशी प्रार्थना करण्याच्या मोकळिकीचे विचाराल तर घरात जमणाऱ्या साध्या मंडळ्या तिच्याशी जवळचे नाते सांगू शकतात. सुरुवातीची उपासना एकसाची नव्हती, तिचा एकच वारस शोधणे म्हणूनच फसते.

पण कोणते रूप टिकले आणि कोणते गेले, हे मात्र श्रद्धेच्या शुद्धतेने ठरले नाही. मलबारच्या किनाऱ्यावर तोफा असलेली जहाजे पोहोचत होती, म्हणून तिथली प्रार्थना दुरुस्त झाली. हक्कारीच्या डोंगरात पोहोचत नव्हती, म्हणून तिथली उरली. मॉस्कोच्या पॅट्रिआर्कचा हात राजधानीत होता, म्हणून दोन बोटांची खूण सायबेरियाच्या जंगलांत पळाली आणि तिथे जगली. प्राचीनतेचा दाखला ज्यांनी सर्वांत मोठ्याने दिला, त्यांच्याकडे बहुधा सत्ता होती आणि सत्तेला आपल्या हातातली प्रत मूळ वाटते. पुढच्या वेळी कोणी ‘आम्ही मूळ रूपाकडे परत जातो आहोत’ म्हणेल, तेव्हा त्याचे पुस्तक किती जुने आहे हे विचारण्याआधी एक विचारावे: या परतीत कोणाची पुस्तके जाळावी लागणार आहेत?